उजव्या कानातला सूर

त्या शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले आणि चहाचा कप घेऊन थेट मागच्या खोलीत गेले. तिथं माझा जुना कॉम्प्युटर आहे. आताच्या मुलांना तो कॉम्प्युटर वाटतच नाही. नुसता जाडजूड कीबोर्ड, सगळं यंत्र त्याच्याच पोटात, आणि पडदा म्हणून आमचा जुना टीव्ही. लहानपणी काकांनी पुण्याहून असाच एक आणला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ त्यावर खेळायचो. पण खेळापेक्षा खेळामागं वाजणारं संगीतच आम्हाला जास्त आवडायचं. त्या यंत्रातल्या चिपला एका वेळी तीनच सूर काढता येतात, तेही कच्चे, शिट्टीसारखे. त्या तीन सुरांत अख्खं गाणं बसवायचं. याला चिपट्यून म्हणतात आणि असली गाणी करणारी माणसं जगभर आहेत, हे आम्हाला फार उशिरा, इंटरनेट आल्यावर कळलं.

आता पन्नाशीला आलोय दोघं. मी सांबऱ्याला राहते, बेळगावात हायस्कूलला गणित शिकवते. भाऊ निपाणीला एका पतसंस्थेत आहे. दोघांनीही जुनी मशीन शोधून, दुरुस्त करून घेतली आहेत. मी गाणं केलं की आधी त्याला पाठवते. तो ऐकतो, चुका काढतो, मग आम्ही ते आमच्यासारख्याच वेड्यांच्या एका ग्रुपवर टाकतो. ग्रुपवरचा एकही माणूस आम्ही कधी पाहिलेला नाही.

त्या शनिवारी नवं गाणं त्याला पाठवायचं होतं. मशीन सुरू केलं, गाणं लावलं आणि कपातला चहा माझ्या साडीवर सांडला.

गाणं फाटलं होतं. दुसरा शब्दच नाही त्याला. प्रत्येक सुराच्या अंगाला चिकटून आणखी एक सूर वाजत होता, थोडा खालचा, बेसूर. एक माणूस गातोय आणि त्याच्या मागं उभा राहून कुणीतरी वेडावतंय, तसं. मी गाणं थांबवलं, पुन्हा लावलं. तेच. वायर काढून पुन्हा बसवली. टीव्हीचा आवाज बंद करून वेगळा स्पीकर लावला. तेच.

नवऱ्याला हाक मारली. "अहो, हे ऐका जरा. काय झालंय याला?"

ते दारात उभे राहून ऐकत राहिले. "काय झालंय? रोजचंच टिंव टिंव आहे की."

त्यांना संगीतातलं फारसं काही कळत नाही, म्हणून मी पुढं विचारलं नाही. दोन-तीन दिवस माझ्या उजव्या कानाला दडे बसल्यासारखं झालं होतं, पण न्हाताना पाणी गेलं असेल, नाहीतर सर्दी असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आणि त्याचा या फाटलेल्या गाण्याशी संबंध असेल, हे मनातही आलं नाही. चिपच गेली, हे मी ठरवून टाकलं. तसली चिप आता सहज मिळत नाही.

रविवारी सकाळी मशीन टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि निपाणीची बस पकडली. खिडकीशी बसले. कंडक्टर उजवीकडं येऊन उभा राहिला तरी मी बाहेरच बघत होते. त्यानं माझ्या तोंडासमोर तिकिटाचं मशीन हलवलं तेव्हा दचकले. तो कन्नडमध्ये म्हणाला, "किती वेळा विचारायचं, बाई?" मला वाटलं, बसचा आवाजच फार आहे.

भावानं दारातच पिशवी हातातून घेतली. त्याच्या टेबलावर त्याचं मशीन होतं, माझ्या मशीनचं जुळं भावंडच म्हणायचं. शेजारी माझं ठेवलं, जोडलं आणि माझं गाणं लावलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो मान डोलवत होता.

"झकास झालंय की गं आक्का. मधला तुकडा लईच भारी."

"आरं, फाटतंय ते! ऐकू येत न्हाय व्हय तुला?"

"कुठं फाटतंय?"

"सगळं! पहिल्यापासनं सगळं!"

त्यानं पुन्हा लावलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग तेच गाणं स्वतःच्या मशीनवर लावलं. तिथंही ते तसंच वाजलं, मागं उभं राहून वेडावणाऱ्यासह. मला रागच आला. म्हटलं, हा चेष्टा करतोय, याच्याही मशीनचं काहीतरी बिघडलंय आणि कबूल करत नाही.

"आक्का," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता. "मशीनला काय बी झालेलं न्हाय. दोन्ही बरोबर हायत. तू एक काम कर. उजवा कान झाक बघू."

मी तळहातानं उजवा कान घट्ट दाबला. त्यानं गाणं लावलं.

स्वच्छ होतं. एकेक सूर धुतल्यासारखा, मी बसवला होता तसा.

"आता डावा झाक."

डावा झाकला आणि गाणं नाहीसंच झालं. तो वेडावणारा बेसूर आवाज तेवढा उरला, लांब कुठंतरी पत्र्याच्या डब्यात वाजतोय तसा. भावाचे ओठ हलत होते. तो काहीतरी विचारत होता आणि मला शब्द कळत नव्हते. मी हात काढला, पुन्हा लावला, काढला, लावला. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी त्यानंच माझा हात धरून खाली ठेवला. माझ्या डोक्याच्या एका बाजूला माणसाचा आवाज येत नाही आणि हे मला माहीतच नव्हतं! मी वर्गात शिकवत होते, फोनवर बोलत होते, भाजीवालीशी घासाघीस करत होते. सगळं काम डाव्या कानानंच चाललं होतं.

भावानं ओळखीच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. रविवार असूनही त्यांनी दवाखाना उघडला. मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं त्या स्वतः बसल्या. डाव्या कानात बारीक टीं टीं वाजू लागलं. अगदी माझ्या चिपचाच आवाज. मी पटापट बटण दाबत गेले. मग त्यांनी खूण केली, आता उजवा.

मी वाट बघत राहिले. काचेतून त्यांचा हात दिसत होता. त्या बटण फिरवत होत्या, थांबत होत्या, माझ्याकडं बघत होत्या, आणखी फिरवत होत्या. तो हात पुढं पुढं सरकत होता आणि माझ्या कानात काहीच नव्हतं. आतापर्यंत कान दुखला नव्हता, रक्त आलं नव्हतं, काही नाही. पण तो फिरणारा हात बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, कानात पाणी न्हाय, मळ न्हाय. नस आहे आतली, तिला मार बसलाय. असं एकदम होतं कधी कधी. का झालं, ते आम्हालाही सांगता येत न्हाय."

"परत येईल?"

"थोडं लवकर आला असता तर बरं होतं. तरी आज आलात ते चांगलं केलंत. गोळ्या आजच सुरू करू, इंजेक्शनही कानात द्यावं लागेल. काही जणांचं परत येतं. काही जणांचं अर्धं येतं."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भाऊ माझी पिशवी उराशी धरून उभा होता. टॉवेलात गुंडाळलेलं ते मशीन तो दवाखान्यात कशासाठी घेऊन आला होता, हे त्याला अजूनही सांगता येत नाही.

माझं अर्धं परत आलं. आवाज परत आले, पण सूर आले नाहीत. उजव्या कानाला सगळं थोडं खाली ऐकू येतं. त्यामुळं दोन्ही कान उघडे असले की प्रत्येक आवाज दोन होऊन येतो, भांड्याचा, घंटेचा, माणसाचा. आवाज जितका बारीक तितका जास्त फाटतो. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुली एकदम बोलल्या की मी टेबल धरून उभी राहायचे. महिनाभर मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. टीव्हीवर कापड घालून ठेवलं.

भाऊ दर आठवड्याला फोन करायचा. एकदा म्हणाला, "ग्रुपवरचे विचारायलेत, तुझी बहीण कुठं गेली म्हणून. काय सांगू?"

"मेली म्हणून सांग."

तो म्हणाला, "असं बोलू नगंस गं." आणि ठेवला फोन.

त्याच्या त्या आवाजाची मला लाज वाटली की काय, कोण जाणे, पण त्याच दिवशी मी टीव्हीवरचं कापड काढलं. गाणं करायचं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं की माझा कान नेमका किती चुकतोय. आमच्या मशीनवर सूर म्हणजे एक आकडा असतो. आकडा मोठा केला की सूर खाली जातो, लहान केला की वर चढतो. एका सुराचा आकडा घातला आणि हेडफोनमधून तो फक्त उजव्या कानाला ऐकवला. मग तो डाव्या कानाला ऐकवला आणि आकडा हळूहळू वाढवत गेले. एका जागी दोन्ही सूर जुळले. खाली उतरलेल्या त्या सुराचा आकडा पडद्यावर दिसत होता. म्हणजे मी एक सूर वाजवते तेव्हा माझा उजवा कान दुसराच सूर ऐकतो, आणि तो कोणता ते आता मला ठाऊक होतं. मग पुढचा सूर घेतला, मग त्याच्या पुढचा. गणिताच्या बाईला हे काम जमण्यासारखं होतं. त्यात दिवस चांगले गेले.

सगळे सूर मोजून झाल्यावर मी एक छोटा तुकडा केला. चिपच्या तीन सुरांपैकी पहिल्या सुरात साधी चाल. दुसऱ्या सुरात तीच चाल, माझ्या उजव्या कानाच्या आकड्यांनी. तिसरा सूर रिकामाच ठेवला.

दिवाळीत भाऊ घरी आला तेव्हा फराळ झाल्यावर त्याला मागच्या खोलीत नेलं. "ऐक," म्हटलं, आणि लावलं.

पहिल्याच सुराला त्यानं तोंड वाकडं केलं. "काय गं हे? आकडे चुकल्यात तुझे."

"चुकले न्हाईत. मोजून घातल्यात."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. पुढं होऊन पडद्यावरचे आकडे वाचू लागला, जणू तिथं आणखी काही लिहिलेलं सापडणार होतं.

"असं ऐकू येतंय तुला?"

"व्हय."

"गाणंच न्हवं, सगळंच?"

"सगळंच."

"माझं बोलणं बी?"

"तुझा आवाज जाड आहे, कमी फाटतो. लेकीचा लई फाटतो. पुण्याहून तिचा फोन आला की मी डाव्या कानालाच धरते."

तो तुकडा वाजतच होता. भावानं हात पुढं केला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. खाली मान घालून बसला. इतके दिवस दवाखान्याचे कागद त्यानंच सांभाळले होते, डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्यानंच मला समजावून सांगितलं होतं. मला वाटलं होतं, त्याला सगळं ठाऊक आहे.

"मला वाटलेलं, कमी ऐकू येतंय," तो म्हणाला. "नुसतं कमी."

बाहेरून सणाला आलेल्या माझ्या जाऊबाईंनी चहाला हाक मारली, पण दोघंही उठलो नाही.

तो तुकडा आम्ही ग्रुपवर टाकला, खाली तीन ओळींत सगळं लिहून. आता मी गाणी करते ती आकड्यांवरूनच आणि डाव्या कानाच्या भरवशावर. ती भावाला पाठवते आणि तो चुका काढतो. तो तुकडा मात्र त्यानं पुन्हा कधी लावलेला नाही. मी एकदा लावला तर उठून अंगणात गेला.