लांबीखालची चीर

वाल्मीकनाना तिडके कुणाला शिवी देत नाहीत. अगदीच सहन झालं नाही तर ‘शी’ म्हणतात आणि हातातला पाना खाली ठेवतात. नाशिकजवळच्या मखमलाबादला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे ती ‘शी’ मला माझ्या ओट्यावर ऐकू येते.

अंबडच्या एका कंपनीत ते टूलरूमला आहेत. पहिली पाळी करून आले की जेवण, थोडी झोप, आणि मग घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे पाटी नाही, दर नाही. जुन्या मोटरसायकली उघडायच्या, नीट करायच्या, गंगापूर धरणापर्यंत चालवून बघायच्या. मध्येच काही वेगळं डोक्यात येतं. वॉशिंग मशीनच्या मोटरीवर त्यांनी मक्याचे दाणे काढायचं यंत्र केलं होतं. माझ्या आईचे गुडघे गेले तेव्हा स्कूटरची चाकं लावून खुर्ची करून दिली. दुकानातली खुर्ची आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांत रुतायची, नानांची नाही रुतली.

ऑइल-ग्रीसची त्यांना किळस नाही. कोपरापर्यंत काळे हात घेऊन ते चहा पितात. किळस आहे ती माणसांनी केलेल्या घाणीची. सायलेन्सरवर पडून भाजलेली गुटख्याची पिंक. दूधवाल्याच्या गाडीला सीटखाली चिकटलेलं नासकं दूध. एकदा एका माणसाच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात मेलेला उंदीर निघाला. तो माणूस म्हणाला, “हां, वास येत होता खरा, पण मी तिकडं लक्षच दिलं नाही.” नानांनी उंदीर काढला, डबा धुतला, गाडी परत दिली, आणि त्या माणसाला पुन्हा शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. उंदराचं त्यांना काही वाटलं नव्हतं. वास घेत महिनोन्महिने गाडी चालवणाऱ्या माणसाचं वाटलं होतं.

उज्ज्वलावहिनींचा, म्हणजे नानांच्या बायकोचा धाकटा भाऊ अमोल. पंचवटीत त्याचं जुन्या गाड्या घेण्याविकण्याचं दुकान आहे. गोड बोलणारा, कपाळाला रोज गंध लावणारा. एखाद्या गाडीचं इंजिन कुरकुरत असलं की टेम्पोत टाकून नानांकडे आणायचा. “दाजी, जरा हात फिरवा.” नाना हात फिरवायचे. बायकोचा भाऊ, नाही कसं म्हणणार?

श्रावण संपता संपता त्याने एक काळी मोटरसायकल आणली. रंग असा चकचकीत की तोंड दिसावं. “क्लच घसरतोय आणि इंजिन जरा खडखडतंय, बाकी नवीनच समजा,” असं सांगून गेला. नानांनी दोन संध्याकाळी बसून इंजिन केलं. क्लचच्या लिव्हरचा बोल्ट झिजला होता, तर कंपनीत लेथवर स्वतः पितळी बोल्ट काढून आणला आणि बसवला. मग वायर तपासायला हेडलाइट खाली घेतला.

हेडलाइटमागच्या पट्टीत केस अडकले होते. लांब, मेंदी लावलेले, आणि त्यांच्या मुळाशी वाळून कडक झालेलं काहीतरी तपकिरी.

“शी,” असं मला ऐकू आलं, पण या वेळी पाना ठेवल्याचा आवाज आला नाही, पडल्याचा आला. मी भिंतीवरून डोकावलो. नाना हात अंगापासून लांब धरून उभे होते. मला म्हणाले, “इकडे ये. तू पण बघ. मला एकट्याला नको हे.”

मी बघितलं. ते बघायला नको होतं असं अजून वाटतं.

मग नानांनी खिडकीवरचं लोहचुंबक घेतलं आणि गाडीच्या सांगाड्यावरून फिरवलं. टाकीखाली चिकटलं, सीटखाली चिकटलं. हँडलचा दांडा जिथे सांगाड्यात बसतो त्या जागी मात्र ते घसरून खाली पडलं. तिथे लोखंडावर लांबी भरली होती. लांबी म्हणजे डेंटिंगवाल्यांची पुट्टी, खड्डे बुजवून वर रंग मारायची. नानांनी ती खरवडली. खाली बोटभर चीर, तिच्यावर वेल्डिंगचे ओबडधोबड टाके, आणि त्या टाक्यांतूनही पुन्हा सुटलेली नवी चीर.

“जोरात खड्ड्यात गेली की हँडल हातात आणि माणूस चाकाखाली,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अमोल आला. वहिनींनी चहा आणि बिस्किटं आणून शेडमध्येच ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या, कारण नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

“अमोल, हे केस कुणाचे?”

“कसले केस?” त्याने वाकून पाहिलं. “अच्छा. मला काय माहीत, दाजी. मी लिलावातून घेतलेली गाडी. कुणी म्हातारी मध्ये आली होती म्हणतात.”

“वाचली का?”

“म्हणतात वाचली. धुवून टाका ना, पाण्याने जातं ते.” असं म्हणून त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि तोंडात टाकलं.

नानांनी नंतर मला सांगितलं की त्या चिरेपेक्षा त्यांना त्या बिस्किटाने मळमळलं. ती पट्टी हातभर अंतरावर होती आणि हा चावत होता.

“आणि ही चीर?”

“दाजी, तुम्ही इंजिनचं बघा. गिऱ्हाईक इंजिन ऐकतं, रंग बघतं. सांगाड्याखाली डोकं घालतं का कोणी?”

“ही गाडी विकायची नाही. भंगारात दे.”

अमोल हसला. मग नाना हसत नाहीत हे बघून त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. “बरं. ताईची शपथ, भंगारात देतो. झालं?”

टेम्पो आला, गाडी गेली. नाना दोन दिवस शेडमध्ये गेले नाहीत. हात धुवायचे, वास घ्यायचे, पुन्हा धुवायचे. वहिनी म्हणायच्या, “अहो, त्याने माझी शपथ घेतलीय.” नानांना त्या शपथेवर विश्वास ठेवायचा होता. घर चालायचं तर ठेवावाच लागतो.

दसऱ्यानंतरची गोष्ट. नाना आणि मी पंचवटीला भाजीच्या मार्केटात गेलो होतो. बाहेर पडताना समोरून एक मोटरसायकल आली. पुढे टाकीवर चार-पाच वर्षांची मुलगी, मधे तिचा बाप, मागे आई, आणि आईच्या मांडीवर रिकाम्या गोण्यांची घडी. नानांनी हात आडवा केला आणि थेट गाडीपुढे उभे राहिले. मला आधी कळेना. मग क्लचच्या लिव्हरवरचा पिवळा बोल्ट दिसला.

“गाडी बंद करा. मुलीला खाली घ्या.”

“का? कोण हाय तुम्ही?” तो सायखेड्याचा भिका, मेथी-कोथिंबीर घेऊन रोज मार्केटात येणारा. बायकोचं नाव लंका. हे सगळं नंतर कळलं.

“या गाडीचा सांगाडा तुटलेला आहे. कुठून घेतली?”

भिकाने अमोलच्या दुकानाचं नाव सांगितलं. “आन् ही गाडी तपासून घेतलेली हाय. मखमलाबादचे तिडके मिस्त्री हायेत, त्यांच्या हातची हाय ही. दुकानदारानं सांगितलं, त्यांच्या हातची गाडी म्हंजे डोळे झाकून घ्या.”

नानांनी दोन्ही हात पँटला पुसले. शेवटी मीच म्हणालो, “अहो, हेच ते तिडके.”

“असं कोणी बी म्हणंल,” भिका म्हणाला. “लय बघितले असले. सरका बाजूला.”

नानांनी खिशातली घराची किल्ली काढली, वाकले, आणि टाकीच्या पुढे हँडलखाली जोराने ओरखडा काढला. भिकाने गाडी पायांत धरूनच त्यांची कॉलर पकडली. “माझी गाडी खरवडतो का, भाड्या!” माणसं जमली. कुणी मोबाइल काढला, कुणी ‘मार त्याला’ म्हणालं. मार्केटाबाहेर ‘मार त्याला’ म्हणायला काही कारण लागत नाही. नाना कॉलर सोडवायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हते. फक्त म्हणत होते, “बोट लावून बघा. एकदा बोट लावून बघा.”

बोट लावलं ते लंकाने. मागून उतरून ती पुढे आली आणि ओरखड्यावरून तिने बोट फिरवलं. बोटाला करडी भुकटी आली. तिने ती अंगठ्याने चोळली.

“लोखंडाचा भुगा असा नसतो,” ती नवऱ्याला म्हणाली. “पोरीला उतरव.”

“अगं, पन...”

“आधी पोरीला उतरव.”

गाडी आम्ही ढकलतच मखमलाबादला आणली. नानांनी सगळी लांबी काढून भिकाला दाखवली. या वेळी चीर अर्ध्या नळीला वळसा घालून गेली होती. भिका तिच्याकडे बघत उकिडवा बसून राहिला. रोज पहाटे सायखेडा ते नाशिक तो यावर माल घेऊन येत होता, आणि शनिवारी मुलीला पुढे बसवून.

मग गावचे चार लोक घेऊन तो अमोलच्या दुकानात गेला. पोलिसांत जायची भाषा निघाल्यावर अमोलने मुकाट्याने पैसे परत केले आणि वरून सगळ्यांना चहा पाजला. “माझीच फसवणूक झाली हो,” असंही म्हणाला म्हणे. कपाळाला गंध होतंच.

गाडी नानांच्या शेडमध्येच होती. ती न्यायला अमोल टेम्पो घेऊन आला, आणि या वेळी त्याने ‘दाजी’ म्हटलं नाही.

“माझा माल आहे, द्या.”

“काय करणार तिचं?”

“ते मी बघीन.”

म्हणजे पुन्हा लांबी, पुन्हा रंग, पुन्हा कोणाची तरी पोर टाकीवर. नानांनी ग्राइंडर उचलला. शेडची वीज घरातून जाते, मेन स्विच स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. वहिनी त्याच दारात उभ्या होत्या.

“ताई, मेन बंद कर!” अमोल ओरडला. “तुझ्या भावाचं नुकसान करतोय हा माणूस! ताई, ऐकतेस ना? बंद कर!”

वहिनींचा हात स्विचपासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी भावाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि हात पदराखाली घेतला.

ठिणग्या उडत राहिल्या. नानांनी सांगाडा हँडलखाली पूर्ण कापला, मग मधोमध कापला, चेसिस नंबर ठोकलेला तुकडा वेगळा केला. “आता ने तुझा माल,” म्हणाले. अमोल काही न उचलता गेला.

गल्लीत यावर बरेच दिवस चर्चा चालली. घरची भानगड बाहेर काढली, सख्ख्या मेहुण्याला बाजारात उघडं पाडलं, इतकं ताणायला नको होतं, असं बहुतेकांचं मत. हेच लोक आपली गाडी घेताना रात्री गुपचूप नानांना बोलवून लोहचुंबक फिरवून घेतात. मी त्यांच्यात राहतो म्हणून त्यांची नावं लिहीत नाही. अमोलचं दुकान चालूच आहे, आता शेजारचा गाळाही त्याने घेतलाय. नानांना पंचवटीला जायचं झालं तरी ते त्या रस्त्याने जात नाहीत. भीती नाही, किळस येते म्हणतात.

भाऊबीजेला अमोल येणार नव्हता हे ठरलेलंच होतं. वहिनी स्वतः गेल्या. नानांनी अडवलं नाही, सोबतही गेले नाहीत. दुपारी त्या जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, “भाऊ एकच आहे गं, काय करू?”

तिन्हीसांजेच्या आधीच परत आल्या. हातात नव्या साडीचं पाकीट होतं, ते त्यांनी ओट्यावर टेकवलं आणि चप्पल काढायलाही वाकल्या नाहीत. नाना शेडमधून बाहेर आले.

“इतक्यात?”

“ओवाळलं,” वहिनी म्हणाल्या. “जेवायला बसले. बासुंदी होती. घास घेतला, तोंडातच फिरत राहिला. शेवटी बाथरूममध्ये जाऊन थुंकून आले.”

नाना हात धुऊन आत गेले आणि पिठल्यासाठी कांदा चिरायला घेतला.