घोडा दाखवून खेचर

मंडळी, आज दुपारी ऑनलाइन खेळात माझी ढाल देऊन नातीसाठी पांढरा घोडा घेत होतो. मी होकाराचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी समोरच्यानं घोडा काढून खेचर ठेवलं. सौदा पक्का!

"दादाजी, देखके दबाना था!" समोरचा म्हणाला, अन् वरून हसला.

काहून? आमच्या इथे नदीकाठी ग्वारीघाटावर नारळ बदलला तर नारळवाला पुन्हा कानाशी हलवून बघू देतो. खेळातही वस्तू बदलली की आधीचा होकार रद्द व्हावा.

नात म्हणते, "आजोबा, सोडा ना." सोडत नाही! तेच खेचर घेऊन खेळातल्या बाजाराच्या तोंडाशी उभा आहे. येईल त्याला सांगतो, "थांब, पुन्हा बघ."

येता का शेजारी उभे राहायला?