धुऱ्यावरचे उभेभाऊ

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत आमच्या शेतात जो तो वाकलेला असे; फक्त उभेभाऊ उभे असत. तेच त्यांचं काम होतं, आणि त्याच कामासाठी मी दर पावसाळ्यात त्यांना वैनगंगेपलीकडून बोलावून घेई. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो हसे. मग मी त्याला शेताला लागून असलेलं जंगल दाखवी. वाकलेलं माणूस वाघाला दुरून जनावर वाटतं, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. म्हणून बायका चिखलात धानाची रोपं लावत असताना कुणीतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून नजर ठेवायची, थाळी वाजवायची आणि मोठ्याने बोलत राहायचं.

वडील गेल्यावर ब्रह्मपुरीचं शिवणकामाचं दुकान बंद करून मी सिंदेवाहीजवळच्या या जमिनीवर राहायला आले. एकटीच. जुन्या वाणाचं धान, शेणखत आणि तणनाशकाचा थेंब नाही, असा माझा हट्ट. शेजारी मला वेडी म्हणत आणि तोंडावर म्हणत, हे एक बरं होतं. तण हातानेच उपटायचं, त्यामुळे माझ्याकडे वाकणं इतरांपेक्षा जास्त, आणि उभं राहणाऱ्याची गरजही जास्त.

उभेभाऊंचा गुडघा चारोळ्या काढताना झाडावरून पडल्यापासून वाकत नसे. पण एवढ्यावर गावाचं समाधान कुठलं व्हायला? त्यांच्या बायकोला वाघाने नेलं, म्हणून ते हे काम करतात, अशी गोष्ट कुणीतरी पिकवली होती. मी एकदा सरळ विचारून टाकलं. “नाई बाई, ते तापानं गेली,” ते म्हणाले. “गुडघा वाकत नाई म्हनून उभा राहतो. सगळेच वाकले त पाहाचं कोनं?”

धुऱ्यावर चढले की त्यांचं तोंड सुरू होई. काल कोणती भाजी खाल्ली, त्यात मीठ कसं कमी पडलं, त्यांच्या बकरीचा स्वभाव त्यांच्या व्याह्यासारखा कसा आहे, सरपंचाने रस्ता कुठे खाल्ला, सगळं जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात. वाघाला ते ‘साहेब’ म्हणत आणि मधूनच त्यालाही दटावत: “साहेब, इथी काही नाई तुमच्या कामाचं, चिमूरकडे जा!” बायका चिखलात हसून हसून बेजार होत. कमलाबाई त्या टोळीतली सर्वांत फटकळ. ती खालूनच ओरडे, “भाऊ, साहेब ऐकते, पर तुमची बकरी ऐकत नाई!”

संध्याकाळी बायका गावात गेल्या की उभेभाऊ मिटून जात. गुरांच्या कोठ्याच्या पडवीत त्यांचं अंथरूण असे. मी घराच्या ओट्यावर, ते पडवीत, मध्ये अंगण आणि अंगणात बेडकांचा आवाज. मी काही विचारलं तर ‘हो’ नाहीतर ‘नाई’. एकदा मी चिडून म्हटलं, “दिवसभर एवढं बोलता, आता काऊन गप्प?” तर म्हणाले, “बोलनं त दिवसाचं काम हाये, बाई. काम सुटलं.” मला फार वाईट वाटलं. जंगलाला दिलं त्यातलं मूठभर मला दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढे त्यांच्या गावचा जीपवाला बोलता बोलता सांगून गेला की गावी ते कुणाशीच बोलत नाहीत. लेक लग्न होऊन सिरोंच्याकडे दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. वर्षभर ते माझ्या निरोपाची वाट पाहतात आणि पावसाळा लागला की जीपवाल्याला रोज विचारतात, “बाईचा निरोप आला का?” निरोपाशिवाय मात्र ते कधीही आले नाहीत. गरज असेल तर माणूस बोलावतं, असा त्यांचा हिशेब.

आणि मग एका साली त्यांची नजर गेली. एका दुपारी ते व्याह्याची गोष्ट रंगवून सांगत होते आणि मध्येच म्हणाले, “काही नाई, पोरीहो, म्हैस आली धुऱ्याले.” कमलाबाईने सहज मान वर केली. पिलांसह रानडुकरीण उभी होती, हाकेच्या अंतरावर. सगळ्या जणी एकदम किंचाळल्या, चिखलात हात आपटले, तेव्हा ती वळली. उभेभाऊ थाळी हातात धरून भलत्याच दिशेला बघत होते.

त्या संध्याकाळी बायका माझ्या अंगणात जमल्या. मी मनाची तयारी केली. जीव प्रत्येकीला प्यारा असतो, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या भरवशावर वाकायचं कुणी? डोळ्याच्या डॉक्टरने नस सुकली म्हणून हात टेकले होते, हे उभेभाऊंनीच त्या दुपारी मला दोन शब्दांत सांगितलं होतं. कमलाबाई हळू आवाजात म्हणाली, “भाऊले काही सांगू नोका. त्याचं बोलनं राहू द्या. पाहनं आमी करू.”

दुसऱ्या दिवसापासून एक एक जण पाळीपाळीने उभी राहू लागली. उभेभाऊ बोलत होते, बायका हसत होत्या, आणि एक जण मुकाट्याने जंगलाकडे बघत होती. असं तीनचार दिवस चाललं. मग एकदा कमलाबाईने नेहमीसारखा मध्येच टोला हाणला आणि गोष्ट सांगता सांगता ते थांबले.

“कमला, तू काऊन उभी हायेस?”

“कुठी उभी हाये? वाकूनच हावो, भाऊ.”

“वाकल्या बाईचा आवाज चिखलातून येते,” ते म्हणाले. “तुया आवाज वरून येऊन राह्यला.”

दिवस मावळेपर्यंत ते उभे राहिले, थाळी वाजवत राहिले, पण गोष्ट काही पुढे गेली नाही. रोवणा संपेपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही, हे खरं. शेवटच्या दिवशी रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांना जेवू घातलं. हात धुऊन ते माझ्याकडे आले.

“पुढच्या साली निरोप नोका धाडू, बाई. धाडला त मी येईन.”

मी निरोप धाडला नाही. त्यांच्या शब्दाचा मान म्हणून नाही. ते खरंच येतील, याची भीती वाटली म्हणून. तो पावसाळा फार वाईट गेला. कमलाबाई धुऱ्यावर उभी राही, थाळी बडवी, पण चिखलात फटाफट बोलणारी ती बाई वर चढली की मुकी होई. संध्याकाळी समोरची पडवी रिकामी. त्यांच्या ‘हो’ आणि ‘नाई’वर माझी केवढी सोबत चालली होती, ते मला तेव्हा कळलं.

रोवणा झाल्यावर जेवणातले वडे डब्यात घेऊन मी जीपने नदीपलीकडे गेले. ते दारात बसले होते, पाय लांब करून.

“कोन?”

“मी, बाई. सिंदेवाहीची.”

डबा त्यांनी हाताने चाचपला आणि बाजूला ठेवला. “रोवना झाला?”

“झाला.”

“कमला धड घरी पोचली?”

“पोचली.”

मग त्यांनी एकेकीचं नाव घेतलं. शेवंता? सुगंधा? म्हातारी जनाबाई? मी प्रत्येक नावाला ‘पोचली’ म्हणत गेले. सगळी नावं संपली, तरी त्यांची मान माझ्याकडे वळलेलीच होती.

“आन् तुमी?”

वडील गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली, पण त्यांना दिसत नव्हतं; बोलावंच लागणार होतं.

“पोचली, भाऊ,” मी म्हणाले.