शिडाची किनार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या मावशीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही – खरं सांगते – विषय बदलला. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या राई गावचे नाही आणि आमचं छप्पर तुम्ही पाहिलेलं नाही.

छप्पर कशाला मध्येच? गोष्ट होडीची आहे, पण छपराशिवाय ती सांगता येत नाही.

बाबांची शिडाची होडी होती. तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, खाडीत बहुतेकांनी इंजिनं बसवली होती. बाबा मात्र शिडावर अडून होते. पावसाळा तोंडावर आला की होडी किनाऱ्यावर ओढायची, तळ खरवडायचा, फटींत कापूस ठासायचा, लाकडाला तेल पाजायचं आणि वरून झावळ्यांनी शाकारायची. शीड घरी यायचं. विहिरीच्या पाण्यानं त्यातलं मीठ काढायचं, वाळवायचं, घडी करून आढ्याला टांगायचं. शिडाच्या कडेला आत दोर घालून शिवलेली जाड किनार असते. कापड सुकतं, किनार आतून ओलीच राहते. म्हणून बाबांचा नियम – किनार गालाला लावायची. गार लागली तर अजून एक ऊन दाखवायचं.

हे काम माझं. बाबा म्हणायचे, हिच्या गालाला कळतं. किती मिरवायचे मी त्यावर.

त्या वर्षी तारोडीला मैत्रिणीची हळद होती. मी नुकतीच भाईंदरच्या एका कारखान्यात कामाला लागले होते, स्वतः घेतलेली पहिली साडी नेसायची होती. आभाळ भरून आलेलं. दुपारी किनार गालाला लावली आणि – थांबा. आधी आईचं सांगते.

आईनं त्या वर्षी पावसाआधी कौलं उतरवून परतू दिली नाहीत. "सगली कौला बगितलीत मी. गलायचा न्हाय," म्हणाली, आणि आईचा शब्द म्हणजे शेवटचा. मासळीचा भाव असो की पाहुण्यांची पारख, आई बोलली की बाबासुद्धा गप्प बसायचे. मला ते फार आवडायचं.

नारळी पौर्णिमेच्या आधी बाबांनी शीड खाली काढलं. घडी उघडली तर आत काळी बुरशी, आणि किनारीजवळ बोट टेकवलं तर आरपार. बाबांनी उरलेली घडी उलगडून पाहिली. मग मला विचारलं, "सुकला होता ना गो?"

"कडकडीत," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून छपराकडे बघितलं. तेवढंच पुरलं.

कळलं ना तुम्हाला? किनार गार लागली होती. चांगली गार. मी ती तशीच घडी केली, दोरी आवळली आणि हळदीला गेले. नाचलेसुद्धा.

नवं शीड काही झालं नाही. बाबा दुसऱ्याच्या इंजिनाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागले. आमची होडी शाकारलेलीच राहिली. आधी झावळ्या सडल्या, मग ती. बाबांनी आईला शिव्या दिल्या नाहीत, तसला माणूस नव्हताच तो. फक्त ती काही ठामपणे बोलली की हसून म्हणायचे, "छपरासारखा ना?" मग काका म्हणायला लागले, मग शेजारी. आईनं सुरुवातीला भांडून पाहिलं – पाणी पडलं असतं तर भिंतीवर ओघळ नसता का दिसला? बरोबरच होतं तिचं. पण सडलेलं शीड समोर असताना ओघळाचं कोण ऐकतो? हळूहळू ती "मला आपलं वाटतं" असं बोलू लागली. मग तेही कमी झालं.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणाल? नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. आई म्हणाली, मुलगा चांगला आहे, मी नीट बघितलंय. मला तेव्हा लग्नच नको होतं. मी म्हणाले, "छप्पर पण नीट बघितलेलास."

मी म्हणाले. मी – जिच्या गालाला कळत होतं.

आई भाकरी थापत होती, थापत राहिली. मुलगा चांगलाच निघाला. आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचतोय. पण ती पारख आईची होती, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्यानंतर दर मे महिन्यात आई स्वतः शिडी लावून वर चढायची, गुडघे कुरकुरायला लागले तरी. आढ्याला टांगायला शीड उरलं नव्हतं, पण नेमक्या त्याच जागेवरची कौलं ती एकेक उचलून बघायची. मी माहेरी जाऊन खाली शिडी धरायचे. सांगायला याहून चांगली वेळ होती का? ती वर, मी खाली, तिसरं कुणी नाही. मी म्हणायचे, सावकाश उतर.

दोघंही आता नाहीत. बाबा आधी गेले, आई गेल्या उन्हाळ्यात. मी भाईंदर पश्चिमेला स्लॅबच्या घरात राहते, डोक्यावर एक कौल नाही, तरी सर आली की वर बघते. आज लिहिता लिहिता पाऊस लागलाय आणि मी वर बघितलं नाही. मोकळं वाटतंय. इतकं मोकळं वाटायला नको होतं कदाचित – पण वाटतंय, खोटं कशाला बोलू.

आमचं छप्पर त्या वर्षी गळलं नव्हतं. आईनं सगळी कौलं बघितली होती.