थेंबकाकांचा काटा

आमच्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबकाका म्हणायचे. नाव मीच पाडलं होतं. माझी जीभ मेली पहिल्यापासून तिखट.

लोहाच्या गोळ्यांत लोह नेमकं किती आहे, ते काढायचं आमचं काम. गोळी आम्लात विरघळवायची आणि वरच्या नळीतून सेरियमचं द्रावण त्यात सोडायचं. आम्ही रंग बघायचो. सूचकाचे दोन थेंब टाकले की तांबूस रंग येतो. तो जाऊन फिका निळा झाला की आकडा लिहायचा आणि चहाला पळायचं.

काकांची तऱ्हा वेगळी. ते बीकरमध्ये काचेच्या दोन कांड्या बुडवायचे, एकीच्या टोकाला प्लॅटिनमची तार. दोन्ही जुन्या मीटरला जोडायच्या, एक थेंब सोडायचा, काटा स्थिर होऊ द्यायचा, आकडा लिहायचा. पुन्हा थेंब. बराच वेळ काटा जेमतेम सरकायचा आणि मग एका थेंबाला टुणकन उडी मारायचा. लोह संपलं, ही त्याची खूण.

"अहो काका, तुमचा एक नमुना होईतो माझे चार होतात!"

"होऊ देत की. काट्याला घाई नसते, पोरी."

खरं सांगते, त्यांचा आकडा एकदाही चुकला म्हणून परत आला नाही. माझे दोनदा आले.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. काकू गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. शेवटचा दिवस या टेबलावर जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

एका सोमवारी मी त्यांची तारेची कांडी धुतली. घाई, दुसरं काय! नळाला आपटून टोकाची काच तडकली, तार निखळली. साहेब भलते कडक. मी ती गुपचूप जागेवर ठेवून दिली. सकाळी काकांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नवी मागवली, ती यायला आठवडा लागणार होता.

नमुने कुठे थांबतात? काकांनी नाइलाजानं सूचक टाकलं आणि मला हळूच म्हणाले, "जरा इथं उभी राहतेस? रंग बदलला की सांग."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी मोठ्यानं म्हटलं, "काका, डोळे घरी विसरलात की काय?"

सगळी खोली हसली. नेमके साहेब दारात. त्यांनी बीकर उचलून काकांसमोर धरलं. "कुठला रंग आहे हा?"

"राखाडी दिसतो, साहेब," काका म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली, सगळं असंच दिसतं. पण काटा दिसतो मला. आकडे स्वच्छ दिसतात."

"मग मीटर का नाही लावला?"

"कांडी तडकलीय."

"कुणी तडकवली?"

मी फरशीकडे बघत राहिले. तोंड उघडायची हीच तर वेळ होती. एरवी चुरुचुरु चालणारी माझी जीभ तेव्हाच कशी गिळली गेली, देव जाणे.

"माझ्याच हातून," काका म्हणाले.

साहेबांनी बीकर खाली ठेवलं. "रंग दिसत नाही, वर काच हातात टिकत नाही. उद्यापासून भांडारात बसा."

भांडारात! तिथं प्रत्येक बाटलीला रंगाची चिठ्ठी, वरची नावं केव्हाच पुसट झालेली. विषाला लाल, आम्लाला पिवळी. इथं मीटरपाशी ज्यांना रंगाची गरजच नव्हती, त्यांना नेऊन रंगांत बसवलं. महिन्यात दोनदा त्यांनी चुकीची बाटली पाठवली. तिसऱ्यांदा कुणाचं तरी बरंवाईट होईल, म्हणून स्वतःच राजीनामा दिला.

नवी कांडी तर काका भांडारात गेले त्याच आठवड्यात आली होती. बैल गेला आणि झोपा केला.

मी त्यांच्या घरी गेले. साहेबांना सगळं सांगून आले होते. पण काकांच्या जागी तोवर दुसरा माणूस आला होता. काकांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली. मी रडतच म्हणाले, "काका, कांडी माझ्या हातून फुटली, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"कांडीचं काय घेऊन बसलीस? काच आहे, फुटायचीच." ते समोर बसले. "तू मला फक्त रंग सांगायचा होतास गं."