टाकी डोक्यावर, लेक पाण्यात

सार्नीला समुद्राची भीती वाटायची, आणि पोट मात्र समुद्राच्याच काठावर भरायचं.

तिचं माहेर वर डोंगरात, अगुंग ज्वालामुखीच्या उतारावर. तिथे पाणी म्हणजे पावसाळ्यात हौदात साठवायचं आणि उन्हाळाभर जपून वापरायचं. इतकं पाणी एका जागी पडलेलं असतं आणि ते स्वतःहून हलतं, हे तिने लग्न होऊन खाली तुलांबेनला आल्यावर पाहिलं. सासूने तिला किनाऱ्यावर नेलं, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर पाणबुड्यांची हवेची टाकी आडवी घातली.

"मान हलवू नकोस. पायाकडे बघू नकोस. दगड पायांना कळतात," सासू म्हणाली.

दगड काळे, गोल, नारळाएवढे. त्यांच्यावरून चालत, पाण्याच्या कडेपर्यंत टाक्या न्यायच्या आणि परत आणायच्या, हे गावातल्या बायकांचं काम. खाली पाण्यात एक जुनं बुडालेलं जहाज आहे. ते पाहायला जगभरातून माणसं येतात, टाकी पाठीला बांधतात आणि काठावरून चालत चालत समुद्रात शिरतात. सार्नीने जहाज कधीच पाहिलं नाही. तिने पाहिली ती फक्त डोकी. आधी पाण्यावर असलेली, मग नसलेली.

सुरुवातीला ती टाकी देऊन झाली तरी परत फिरायची नाही. दगडावर बसून राहायची, डोकी वर येईपर्यंत. बाकीच्या बायका हसून बेजार व्हायच्या. सुची म्बोक, म्हणजे सुचीताई, तर सगळ्यांत चावट. ती म्हणायची, "अगं, पैसे देऊन बुडतात ती माणसं! तू कशाला फुकट घाबरतेस?"

पुढे सवय झाली. म्हणजे भीती गेली नाही, पण ती परक्यांसाठी होती, तिला मर्यादा होती. केस टाळूवर विरळ झाले, मान खांबासारखी झाली, आणि सार्नी त्या किनाऱ्यावरची जुनी बाई झाली.

मग तिच्या मुलीने, विरातीने, जाहीर केलं की ती डायव्हिंगची गाइड होणार.

विराती बापाबरोबर होडीत वाढलेली. चालायच्या आधी पोहली म्हटलं तरी चालेल. तिने गाइडचं शिक्षण पुरं केलं, परीक्षा दिली, आणि दोन रिसॉर्टांनी तिला बोलावलं. एक गावाच्या टोकाला नवं, मोठं, निळ्या तलावाचं. दुसरं पाक दर्सानांचं, म्हणजे दर्साना काकांचं, चाफ्याखालच्या जुन्या खोल्यांचं, ज्याचं फाटक उघडताना अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

"मी बघून येणार दोन्हीकडे," सार्नी म्हणाली.

"मेमे, नोकरी मला करायची आहे. पोरगी बघायला जातात तशी तू रिसॉर्ट बघायला निघालीस?"

"पोरगी बघताना निदान तिच्या आईला विचारतात तरी."

मोठ्या रिसॉर्टात त्यांना थंड चहा मिळाला. तिथली व्यवस्थापक बाई तरुण होती आणि खरोखर चांगली होती, नमस्कार करून बोलत होती. सार्नीने घरून घोकत आणलेला प्रश्न विचारला, "ही खाली असताना लाटा वाढल्या तर काय करायचं, असा काही नियम आहे?"

"मेमे, आमचे गाइड तयारीचे असतात. त्या वेळी जे योग्य वाटेल ते तेच ठरवतात."

बाहेर पडल्यावर विराती म्हणाली, "बरोबर तर बोलली ती."

"तू सकाळी भात खायचा की खीर, हे तुला तासभर ठरवता येत नाही. आणि समुद्रात ठरवणार?"

पाक दर्सानांनी चहा दिला नाही. साठी उलटलेला, बारीक, कमी बोलणारा माणूस. ते दोघींना थेट किनाऱ्यावर घेऊन गेले आणि एकेक नियम सांगू लागले. शिरायचं कुठून, तर काठावर टाकीवाली बाई उभी असेल तिथूनच. पायातले पंख कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर घालायचे, दगडांवर नाही. जोडीदार नजरेआड झाला तर थोडं शोधायचं आणि वर यायचं, एकट्याने पुढे जायचं नाही. ठरलेली हवा शिल्लक असतानाच परत फिरायचं.

"आणि लाटा वाढल्या तर?" सार्नीने विचारलं.

"तर दगडांकडे यायचंच नाही. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तरंगत राहायचं, जाकिटात हवा भरून. आम्ही होडी पाठवतो. पण पाण्यातून लाट कळत नाही, बाई. तिची पाठच दिसते, आणि पाठ सपाट दिसते. म्हणून काठावरच्या बाईकडे बघायचं. बाई चुंबळ डोक्यावर ठेवून पाण्यात उभी असेल तर बाहेर या. चुंबळ काढून वर दगडांवर बसली असेल तर येऊ नका."

हे सार्नीला माहीतच होतं, इतकी वर्षं ती तेच करत आली होती. पण कुणीतरी ते नियम म्हणून सांगितलेलं ऐकून तिला बरं वाटलं. तेवढ्यात पाक दर्साना म्हणाले, "आणखी एक. ही पाण्यात असेल तेव्हा तू काठावर पाळीला उभं राहायचं नाहीस."

"का? मी जुनी आहे. माझ्या डोक्यावरून आजवर एक टाकी पडलेली नाही."

"टाकीचं नाही म्हणत मी. ज्याचं माणूस आत, त्याने काठावर नाही. आमच्याकडे असंच आहे."

"अशी कुठली रीत? आईने नाही उभं राहायचं तर कुणी राहायचं?"

"दुसऱ्या कुणीही," पाक दर्साना म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

विरातीला ते रिसॉर्ट नको होतं. "शाळा आहे ही, मेमे. मास्तरसुद्धा आहेत." पण आई दोन घास नीट खाईना, तेव्हा तिने चाफ्याखालचं रिसॉर्ट घेतलं. सार्नीला तो शेवटचा नियम मात्र म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. निदान तेव्हा तरी.

पहिले काही आठवडे तिने तो पाळला. लेक पाण्यात असली की ही किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, परक्यांच्या टाक्या वाहत. ते फार वाईट होतं. मान पुढे आणि कान मागे. सांबालची चटणी तिखट आहे की नाही तेही जिभेला कळेना. रोज सकाळी फुलांची चनांग, नैवेद्याची छोटी परडी, पाण्याजवळ ठेवताना ती देवाला काय सांगायची ते तिचं तिलाच ठाऊक, पण आता तिथे पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायची.

शेवटी एका सकाळी तिने सुचीला गाठलं. सुचीच्या देवळात उत्सव जवळ आला होता, नैवेद्याची कामं पडली होती.

"म्बोक, तुझी पाळी मला दे. तू जा देवळात."

"विराती आहे ना आज पाण्यात? पाक दर्साना बोलतील."

"त्यांना कोण सांगतंय?"

सुचीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू बुडणाऱ्यांसाठी फुकट घाबरायचीस ते परवडलं गं. हे काही बरं दिसत नाही." पण तिला देवळाची घाई होती. ती गेली.

समुद्र त्या सकाळी ताटात ओतलेल्या तेलासारखा होता. विराती दोन पाहुण्यांना घेऊन आली, कोरियाचे नवरा-बायको, दोघंही हसतमुख. आईला टाकी घेऊन येताना पाहून ती थबकली.

"तू? सुची म्बोक कुठाय?"

"देवळात. काम निघालं."

विरातीने पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांच्यासमोर भांडता येईना. ती आवाज खाली आणून म्हणाली, "मेमे, वर आले की मी तुझ्याकडेच बघणार आहे. कळलं ना?"

"मला शिकवू नकोस, देक. जा."

तिघं शिरली. आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग नाहीच. सार्नी वर येऊन बसली. बुडबुडे काही वेळ दिसले, मग ऊन पाण्यावर पसरलं आणि तेही दिसेनासे झाले.

आधी आवाज बदलला. लाट माघारी जाते तेव्हा दगड एकमेकांवर घासत खाली ओढले जातात. रोज तो आवाज पोत्यातून सुपाऱ्या ओतल्यासारखा. आता कुणीतरी घर पाडतंय असा. सार्नीने मान वर केली. क्षितिजाजवळ काहीच नव्हतं. वारा नाही, ढग नाही. कुठेतरी दूर वादळ झालं असेल, त्याचं पाणी इथे पोचत होतं. एक लाट दगडांवर आपटली, तिचा फेस सार्नीच्या बोटांपर्यंत आला. ती कितीतरी वर बसली होती.

काय करायचं ते तिला पाठ होतं. चुंबळ काढायची, आहे तिथेच बसायचं. होडीवाल्यांना हाक मारायची. तिने हाक मारली, आवाज निघाला की नाही कोण जाणे. शेडखालून कुणीतरी रिसॉर्टाकडे धावत गेलं, एवढं तिला दिसलं.

आणि तेवढ्यात पाण्यावर डोकी आली. एक. मग दुसरं.

तिसरं येईना.

सार्नी उठली कशी आणि धावली कशी, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. इतक्या वर्षांच्या दगडांनी त्या दिवशी पायांना काहीच सांगितलं नाही. तळवा कापला तोही तिला बऱ्याच वेळाने कळला. गुडघाभर पाण्यात उभी राहून, चुंबळ डोक्यावरच, ती डोळे फाडून बघत होती. तिसरं डोकं वर आलं. काळ्या टोपीचं. विराती.

"आहे," सार्नी मोठ्याने म्हणाली. "आहे, आहे."

विरातीने काठाकडे पाहिलं. पाण्यात उभी बाई पाहिली. हात वर करून खूण केली आणि पाहुण्यांना वळवलं. तिघं दगडांच्या रोखाने येऊ लागली.

"येऊ नका!" सार्नी ओरडली. "मागे! मागे जा!" तिने दोन्ही हात जोरजोरात हलवले. विरातीने तेही पाहिलं, आणि आई लवकर या म्हणतेय असं समजून पाय जोरात मारू लागली.

एक लाट सार्नीच्या मांड्यांवर बसली. ती पडली, खारट पाणी नाकात गेलं, दगडाला धरून उठली. पुढची लाट मागे उभी राहत होती. ती विरातीच्या पाठीमागून येत होती, म्हणजे विरातीला तिची फक्त पाठ दिसणार होती, तीसुद्धा पुढे निघून गेल्यावर. सार्नीला मात्र तिचं पोट दिसत होतं. हिरवं, आणि त्यात दगड.

माझ्यामुळे येतेय पोरगी. हा विचार तिला आला नाही, तो थप्पड बसल्यासारखा बसला. मी इथे उभी आहे म्हणून येतेय.

तिला परत फिरायचं होतं आणि पाय फिरेनात. लेकीकडे पाठ करायची. ती वर आहे की खाली ते न बघता चालायचं. तिने चुंबळ केसांसकट ओढून काढली. सार्नी वळली. मागे ती लाट फुटल्याचा आवाज झाला, पण तिने मागे पाहिलं नाही. पाण्याने तिला ढकललं, तीही रांगत, दगडांना नखं रोवत वर गेली. जिथे बसायचं तिथे बसली. चुंबळ मांडीवर ठेवली. मग डोळे उघडायचं धाडस तिला बराच वेळ होईना.

उघडले तेव्हा तीन डोकी होती. दूर. फेसाच्या पलीकडे. विराती पाहुण्याचं जाकीट धरून त्याला मागे ओढत होती. तिच्या एका हातात, होडीला दिसावा म्हणून फुगवलेला, नारिंगी फुगा उभा राहिला होता.

सार्नी तशीच बसून राहिली. होडी वळसा घालून गेली, एकेक करून तिघांना आत घेतलं. तोपर्यंत ती दातांत चुंबळीच्या कापडाचं टोक धरून होती.

होडी गावाच्या दुसऱ्या बाजूला, वाळूच्या पट्टीवर लागली. सार्नी लंगडत तिथे पोचली तेव्हा पाहुणे खूश होते. होडीची फेरी त्यांना ठरलेल्या कार्यक्रमातलीच वाटली. त्यांनी सार्नीबरोबर फोटोही काढून घेतला. ती त्यात कशी आली असेल कुणास ठाऊक.

पाहुणे गेल्यावर विराती आईसमोर उभी राहिली. तिचेही ओठ पांढरे होते.

"तू मला बोलावलंस, मेमे."

"मी नाही बोलावलं गं. मी फक्त बघायला आले होते. तू दिसत नव्हतीस."

"पाण्यातून मला काय कळणार ते?"

सार्नी तशीच लंगडत, स्वतःहूनच, पाक दर्सानांकडे गेली. ते फाटकाशीच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलेलं होतं.

"माझं काम काढून घ्या," ती म्हणाली. "तिचं नको."

"पाय दाखव आधी," ते म्हणाले. त्यांनी पायाला औषध लावलं. तिला वाटलं ओरडले असते तर बरं झालं असतं. मग पट्टी बांधता बांधता म्हणाले, "उद्या तिच्या वेळेला कोण?"

"सुची. नाहीतर दुसरी कुणीही."

"ठीक."

घरी भात उतरला. विरातीने वाटी पुढे केली. "मेमे, त्या मोठ्या रिसॉर्टात अजून जागा आहे. तिथे हे असले नियम नाहीत. तुला माझ्या वेळेला काठावर उभं राहता येईल. जाऊ का?"

"नको." सार्नी घाईने म्हणाली. "अजिबात नको. तिथे मला कुणी हाकलणार नाही."

विराती हसली, मग एकदम रडू लागली, आणि सार्नीने तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

सकाळी विराती पाण्यात शिरायच्या वेळेला ती किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. एका म्हाताऱ्या जर्मन माणसाची टाकी होती. तो डोळे मिचकावत काहीतरी विनोद करत होता. दगडांचा आवाज आज सुपाऱ्यांचा होता, तरी ती प्रत्येक लाटेला थांबत होती.

"काय झालं, मेमे?" मागून टाकी घेऊन येणाऱ्या बाईने विचारलं. "चाल की पुढे."

"चालते," सार्नी म्हणाली, आणि मान न वळवता चालू लागली.