नववी ‘ब’चे गुण

संगणकाला हात लावायची वेळ आली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि धायरीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होते. गावच्या शेतांवर इमारती उठत होत्या. जमीन विकून बिल्डर झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला सहा संगणक दिले. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, फर्मान काढलं. दिवाळीनंतर देणगीदार वर्ग बघायला येणार, प्रत्येक विषयाचा एक पाठ संगणकावर झाला पाहिजे.

“मला ते सुरूसुद्धा करता येत नाही,” मी म्हणाले.

“गणिताच्या बाईंना एक्सेल येत नाही, असं कळवू का त्यांना?” मोठ्या बाईंनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं.

नव्या संगणकांच्या खोलीची किल्ली शिकवायला येणाऱ्या मुलीकडे असे आणि ती आठवड्यातून तीनच दिवस येई. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, मी ऑफिसातल्या संगणकापुढे बसले. तो आमच्या क्लार्कचा. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कमी बोलणारा माणूस.

“बसा, बाई. माझ्या फाइली तेवढ्या उघडू नका,” असं सांगून ते टपालाचं काम करायला बाहेर गेले.

मी कोऱ्या तक्त्यात पाच-सहा आकडे भरले. चुकीचं बटण दाबलं तर सगळं पुसलं जातं, असं स्टाफरूममध्ये जो तो सांगायचा. पण पाच आकड्यांनी काही उमगेना. भरलेला तक्ता कसा दिसतो ते एकदा बघावं म्हणून मी भाऊसाहेबांची नववी ‘ब’ची फाइल उघडली. सहामाहीचे गुण होते. डावीकडे नावं, पुढे आठ विषयांचे आठ रकाने. वर एका बटणावर ए आणि झेड अशी अक्षरं होती, शेजारी बाण. मी गणिताचा रकाना निवडला आणि ते दाबलं. आकडे झरकन हलले आणि कमीपासून जास्तीपर्यंत शिस्तीत उभे राहिले. मला फार बरं वाटलं. मी आठही रकाने तसेच लावून टाकले.

बाहेर भाऊसाहेबांची स्कूटर वाजली. मी घाईने फाइल बंद करायला गेले तर मधेच एक चौकट आली. तिने सेव्ह करू का असं विचारलं. सेव्ह म्हणजे वाचवणं, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी ‘यस’ दाबलं.

स्वारगेटच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. राजाराम पुलाच्या अलीकडे माझ्या डोळ्यांपुढे तो तक्ता पुन्हा आला. हजेरीपटावर पहिलं नाव एका शेतकऱ्याच्या मुलीचं होतं. गणितात तिला त्र्याण्णव होते, पेपर मीच तपासला होता. पडद्यावर तिच्या नावापुढे अकरा दिसले होते. आकडे हलले होते, नावं जागची हलली नव्हती. एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेले होते, आठही विषयांत, आणि मी ते वाचवून ठेवले होते.

त्या मुलीचे वडील मला दिवाळीपूर्वी भेटले होते. “मार्क बघून ठरवू, बाई,” ते म्हणाले होते. “न्हाईतर स्थळं चांगली हायेत.”

मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि उलटी बस पकडली. शाळेला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, “भाऊसाहेब गेले. ऑफिसची किल्ली त्यांच्यापाशीच.” ते मांजरी गावात कुठेतरी राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांच्या घरी फोन नव्हता.

रविवारी मी दोनदा भात करपवला. मोठ्या बाईंना फोन करावा म्हणून रिसीव्हर उचलला आणि ठेवून दिला. बातमी इतर शिक्षकांत गेली तर काय, हाच विचार आधी आला, मुलीचा नंतर. त्याची मला अजून लाज वाटते. नवऱ्याने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, “चूक तू केलीस, सांगायचंही तूच. मला काय विचारतेस?”

सोमवारी अकरा वाजता पालक प्रगतिपत्रकं न्यायला येणार होते. मी पहिल्या बसने सातला पोचले. ऑफिसच्या दारातच प्रिंटरची करकर ऐकू आली. नववी ‘ब’ची प्रगतिपत्रकं छापून टेबलावर रचलेली होती.

“भाऊसाहेब, थांबवा ते,” मी म्हणाले, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी वरचं पत्रक उचललं, वाचलं, आणि खुर्चीत बसून राहिले.

“शिक्षकांचे मूळ गुणतक्ते आहेत ना?” मी विचारलं.

“मोठ्या बाईंनी रद्दीत द्यायला सांगितले होते. संगणकात गेलं की कागद नको म्हणाल्या.”

त्यांनी उठून दार लावलं. खडूच्या खोक्यांमागे हात घालून एक गठ्ठा काढला.

“दिले नाहीत,” ते म्हणाले. “मला ह्या यंत्राची भीती वाटते, बाई. रोज घरी जाताना वाटतं, उद्या सगळं गेलेलं असेल. कुणाला सांगू नका.”

ते आकडे वाचत गेले, मी भरत गेले. सत्तेचाळीस मुलं, आठ विषय. प्रत्येक आकड्यानंतर मी नावावर बोट ठेवून बघत होते. शेवटचं पत्रक छापून निघालं तेव्हा पालक फाटकातून आत येत होते.

देणगीदार आले तो पाठ मी त्याच वर्गावर घेतला. मुलांनी आपापली उंची नावासमोर भरली. मग मी फक्त उंचीचा रकाना चढत्या क्रमाने लावला. आधी सगळे हसले. मग पहिल्या नावाची ती मुलगी म्हणाली, “बाई, माझी उंची दुसऱ्याला गेली. हे खोटं झालं.”

“एकही आकडा बदललेला नाही,” मी म्हणाले. “मग खोटं कसं?”

“जोडी मोडली ना,” ती म्हणाली. मी फळ्यावर क्रमित जोडी असं लिहिलं. खडू दोनदा मोडला.

नंतर मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. “हे सुचलं कसं तुम्हाला?”

मी शनिवारचं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मग बरोबर गुण आणले कुठून?”

भाऊसाहेबांचं नाव ओठांवर आलं होतं. “कागद माझ्याकडे होते,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठही विषयांचे कागद गणिताच्या बाईंकडे कसे, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

“ठेवत जा,” त्या म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली.

त्या मुलीच्या वडिलांनी तिला दहावीला बसवलं. मी पुढची दहा वर्षं आलेख, सरासरी, टक्केवारी एक्सेलवर शिकवली. मुलांना वाटे, बाईंना त्याची आवड आहे. वर्गापूर्वी मी नळाखाली हात धरून उभी राहायची, घाम जाईपर्यंत, हे कुणाला माहीत नव्हतं.